एकही ओळ टाकायची नाही

सुरतेजवळच्या उधन्यातल्या मागवाल्यांत उखाचं नाव निघालं की माणसं पहिल्यांदा त्याच्या बोटांबद्दल बोलायची. नवा बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, आला की त्यावरचे हजारो धागे एकेक करून फणीतून ओवायचे, हे त्याचं काम. त्यातला एक धागा जरी चुकून फणीच्या शेजारच्या घरात गेला, तरी कापडावर उभी रेघ पडते आणि ती रेघ अख्खा तागा संपेपर्यंत सोबत येते. उखानं ओवलेल्या बीमावर रेघ पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तो हळू काम करायचा, मालक चिडायचा, पण अवघड कापडाचा बीम आला की मालकच माणूस पाठवून त्याला बोलावून घ्यायचा.

साक्रीकडचा हा माणूस अठ्ठावन्न साली बायकोला घेऊन सुरतेला आला. घरचे दोन पिढ्यांचे ख्रिस्ती. शहरातल्या चर्चच्या गुजराती मंडळीनं त्यांना मोठ्या मायेनं बाकावर जागा दिली, हातात हात घेतले, नाताळाला जेवू घातलं. उपासनेतलं गुजराती कळायचंही. पण कळणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं. म्हणून बासष्ट साली उखानं खानदेशातून आलेली अकरा घरं गोळा केली आणि दर रविवारी दुपारी लोटूच्या खोलीत मराठी शास्त्रवाचन सुरू झालं. लोटू मागावर काम करायचा. आवाज असा की तो गाऊ लागला की शेजारची पोरं खिडकीत यायची. खोली त्याची, गाणी त्याची, वाचन मात्र उखाचं.

आणि वाचनाचा नियमही उखाचाच. नवा करार पहिल्या पानापासून उघडायचा, दर रविवारी एक अध्याय वाचायचा, आणि एकही ओळ टाकायची नाही. कुणाला आज काय ऐकावंसं वाटतं, हे विचारायचं नाही. शास्त्र देवाचं, तर क्रमही देवाचाच, असं त्याचं साधं म्हणणं. लोटूला हे जड जायचं. त्याला डोळे मिटून पुस्तक उघडायचं, बोट ठेवायचं आणि निघेल ती ओवी दुसऱ्याकडून वाचून घ्यायची आणि ती आपल्यासाठीच आली असं मानायचं, अशी सवय होती.

“एखाद्यानं आजारातून उठून यावं आणि त्याला वंशावळ ऐकवावी का?” तो एकदा म्हणाला.

“वेचून खायला ही काय बोरं आहेत?” उखा म्हणाला, आणि तो विषय तिथंच संपला.

दोनशे साठ अध्याय, दोनशे साठ रविवार. पहिली फेरी सहासष्टच्या नाताळाच्या आसपास संपली तेव्हा बायकांनी मांडे केले होते. उखा त्या दिवशी जेवताना एकदम म्हणाला, “आपल्यासारख्या माणसांना देवानं पूर्ण पुस्तक दिलं, अर्धं नाही दिलं.” त्याचे डोळे भरले होते. एवढं बोलून तो पुन्हा मांड्याकडे वळला.

आता एक गोष्ट उखा कुणाला सांगत नसे. त्याला वाचता यायचं ते बोट ठेवून, अक्षर जोडून. गावच्या प्रचारकानं त्याला विसाव्या वर्षी अक्षरं शिकवली होती. त्याची बायको शोभाबाई मात्र मिशनच्या मुलींच्या शाळेत राहून सातवी पास झालेली. शनिवारी संध्याकाळी भाकरी थापता थापता ती दुसऱ्या दिवशीचा अध्याय त्याच्याकडून बसवून घ्यायची. मत्तयाच्या सुरुवातीची ती वंशावळीची नावं तर तिनं त्याच्याकडून चार शनिवार घोकून घेतली होती. रविवारी तो पुढं बसून वाचायचा आणि ती बायकांच्या बाजूला खाली मान घालून ऐकायची. तो कुठं अडला की तिकडून बारीकसा खोकला यायचा. अकरा घरांतल्या बायकांना वाटायचं, शोभाबाईची छाती कायमची धरलेली आहे.

एकोणसत्तर साल उजाडलं आणि उखाला धाग्यांभोवती धुकं दिसू लागलं. आधी त्याला वाटलं दिवा मंद आहे. मग वाटलं सूत वाईट आहे. शेवटी एका बीमावर रेघ पडली. मालक काही बोलला नाही, उखाच स्वतःहून म्हणाला, मला दुसरं काम द्या. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. तो पिकल्याशिवाय काढत नसत, आणि पिकायला वर्षं लागतील असं दवाखान्यात सांगितलं. उखाला आडव्या सुताच्या कांड्या भरायला बसवलं. ते काम हाताच्या सवयीनं होतं.

रविवारी मात्र तो काही दिवस पुस्तक हातात धरून पाठांतरावर वेळ मारून नेत राहिला. इस्टरच्या सुमाराला एका अध्यायाच्या मध्यावर गाडी अडली. खोकला आला. पुन्हा खोकला आला. खोकल्यानं भागण्यासारखं ते नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यातून म्हातारी धुरपदाबाई म्हणाली, “शोभा, तू वाच व माय. त्याले दिसत नही.”

शोभाबाई उठली, पदर डोक्यावर घेतला आणि वाचू लागली. उखानं मान खाली घातली होती. त्याला लाज वाटली, हे खरं. पण पाच-सहा ओव्या झाल्या आणि त्याच्या लक्षात आलं की आज पहिल्यांदा तो नुसता ऐकतोय. पुढच्या जोडाक्षराची धास्ती नाही, नुसते शब्द कानावर येताहेत. सात वर्षं आपण या माणसांना अडखळत भरवलं आणि त्यांनी तक्रार केली नाही, याचंच त्याला नवल वाटलं. तेव्हापासून वाचन शोभाबाईकडे गेलं. ठराव झाला नाही, चर्चा झाली नाही. तिथवर वाचून झालं की उखानं पूर्वीपासून ठेवलेला मागावरचा एक लाल धागा ती पानात घालायची आणि पुस्तक मिटायची.

त्याच पावसाळ्यात धुरपदाबाईचा पंडित गेला. कावीळ झाली, आठ दिवसांत सगळं संपलं. एकुलता मुलगा, पंचवीस वर्षांचा. महिन्याभरानं म्हातारी पुन्हा रविवारी येऊ लागली. तेव्हा करिंथ शहरातल्या मंडळीला पौलानं लिहिलेलं पत्र चाललं होतं, सहावा अध्याय झाला होता. तिनं उखाला थांबवलं. मेलेली माणसं उठतील असं जिथं लिहिलंय, पहिल्या फेरीत ऐकलं होतं, ते कधी येईल?

दुसरा कुणी असता तर तिथंच पानं उलटून वाचून दाखवायला लावलं असतं. उखानं बोटांवर मोजलं आणि म्हणाला, “याच पत्रात आहे. नऊ रविवार, काकू. क्रमानं येईल.”

म्हातारीनं वाद घातला नाही. एक टाकाऊ धागा घेतला आणि दर रविवारी वाचन झालं की त्याला एक गाठ मारू लागली.

आठव्या गाठीच्या रविवारी चौदावा अध्याय होता. शोभाबाई स्पष्ट आवाजात वाचत गेली, आणि शेवटाकडे ती ओळ आली. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, त्यांना बोलायची परवानगी नाही. काही शिकायचं असेल तर घरी आपापल्या नवऱ्याला विचारावं. पहिल्या फेरीत हीच ओळ उखाच्या तोंडून गेली होती आणि कुणाच्याच कानाला लागली नव्हती, उखाच्याही नाही. आज ती ओळ बाईच्या आवाजात आली. शोभाबाईनं ती पुरी वाचली. मग थांबली.

“आते मी गप बठस,” ती म्हणाली. पुस्तक मिटल्याचा आणि ती खाली बसल्याचा आवाज उखानं ऐकला. ती रागानं बसली की खरंच आज्ञा मानून बसली, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं असतं. पण चेहरा दिसायला डोळे कुठं होते?

लोटू म्हणाला, “बराबर करं वहिनीनं. शास्त्रनं सांगं, तिनं ऐकं.”

“मंग पुढलं कोन वाची?” धुरपदाबाईनं विचारलं.

बाकीच्यांत कुणाला स्वतःचं नाव लिहिता यायचं, कुणाला तेही नाही. पोरं गुजराती शाळेत जाणारी, मराठी अक्षरं त्यांना परकी. सगळे उखाकडे बघत असणार, हे त्याला न दिसताही जाणवलं. ती ओळ टाकून पुढं जाऊ, असं म्हणायचं तर त्याला तोंड नव्हतं. सात वर्षं ज्यानं कुणाला एक ओळ टाकू दिली नाही, त्यानं ही टाकायची? आणि ओळ धरायची तर वाचन संपलं. लोटूनं गाणं सुरू केलं.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, “राग उना का तुले?”

“राग कसाना?” शोभाबाई म्हणाली. “तुम्ही म्हनतस, ओळ टाकानी नही. मी टाकी नही.”

पुढचा रविवार नुसत्या गाण्यांवर आणि प्रार्थनेवर गेला. त्याच्या पुढचाही तसाच. त्या आठवड्यात धुरपदाबाई उखाच्या दारात आली. ती बसलीही नाही. तिनं त्याचा हात धरला आणि आपला धागा त्याच्या बोटांत दिला.

“मोज,” ती म्हणाली. “नऊ रविवार म्हनं व्हतं तू. दहा गाठी व्हयनात. मना पंडित उठी का नही, एवढंच माले ऐकनं शे.”

उखानं मोजलं. दहा होत्या. काही सैल, काही एवढ्या घट्ट की कोणत्या रविवारी ती किती रडली असेल तेही कळावं. म्हातारी गेली. उखाला त्या दिवशी स्वतःचीच चीड आली. आपण मोठे नियमाचे. एका बाईला मुलाचं दुःख उराशी धरून दहा आठवडे बसवून ठेवलं, आणि आता ते वचन पानाच्या पलीकडे असून तिला मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी कांड्या भरता भरता तो विचार करत राहिला. बीमावर एखादा धागा भलत्याच जागी दिसला तर कच्चा माणूस तो तोडतो. पक्का माणूस तोडत नाही. तो धागा बोटात धरून मागं मागं जातो, थेट बीमापर्यंत, आणि तो कुठून निघालाय ते बघतो. पुष्कळदा धागा बरोबरच असतो, आपलंच बघणं चुकलेलं असतं. हे त्यानं वीस जणांना शिकवलं होतं. पुस्तकाच्या बाबतीत मात्र त्याला फक्त पुढं जाणं माहीत होतं.

संध्याकाळी त्यानं शोभाबाईला पुस्तक काढायला सांगितलं. “पत्र पहिल्यापासून वाच. घरात वाचायला बंदी नाही.”

ती वाचू लागली. त्या संध्याकाळी पाच अध्याय झाले, दुसऱ्या दिवशी पुढचे. अकरावा आला. बाईनं प्रार्थना करताना किंवा देवाचा संदेश सांगताना डोकं झाकलेलं असावं, असं त्यात होतं.

“थांब,” उखा म्हणाला. “संदेश सांगताना? म्हणजे बाई मंडळीत बोलतेच आहे की. आपण हे वाचलं होतं?”

“मागला महिनामाच वाचं.”

“तवय मी काय म्हनं?”

“तुम्ही म्हनं, बायास्नी डोकावर पदर ल्या. बस.”

पदर उखाच्या लक्षात राहिला होता, बोलणं कानावरून गेलं होतं. मग चौदावा पुन्हा आला, आणि आता तो एकेका ओळीवर थांबवून ऐकू लागला. न कळणाऱ्या भाषेतल्या हजारो शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द बरे, असं पौल म्हणत होता. ते ऐकून उखाला बाकावर बसून परक्या भाषेत घालवलेली चार वर्षं आठवली. पुढं, अर्थ सांगणारा नसेल तर परकी भाषा बोलणाऱ्यानं गप्प राहावं. दुसऱ्याला काही सुचलं तर पहिल्यानं गप्प व्हावं. म्हणजे गप्प राहायला दोघांना आधीच सांगितलं होतं, आणि बायकांची पाळी तिसरी होती. पहिल्या दोघांबद्दल कुणी म्हटलं नव्हतं की त्यांनी जन्मभर तोंड उघडू नये. त्या मंडळीत गलका फार होत असणार, आणि ऐकणाऱ्याला काही मिळावं म्हणून पौल एकेकाला बसवत होता.

मग घरी नवऱ्याला विचारावं, ही ओळ आली. उखाला हसू फुटलं. आधी दबकं, मग पोट धरून. शोभाबाई घाबरली.

“नवऱ्याला विचारा म्हणे,” तो म्हणाला. “आणि या घरी नवरा सात वर्षं दर शनिवारी कुणाला विचारत आला?”

तीही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आल्याचं तिच्या आवाजावरून त्याला कळलं. त्यानं तिथंच गुडघे टेकले आणि देवाचे आभार मानले, की पुस्तकात ओळी भरपूर ठेवल्यास, एकीवर अडलो तर दुसरी हात द्यायला आहे.

त्या रविवारी त्यानं मंडळीपुढं हे सगळं मांडलं. अकरावा, चौदावा, पाच शब्द, तिन्ही गप्प बसणारे. त्याला भाषण येत नव्हतं, बीमाबद्दल सांगावं तसं त्यानं सांगितलं.

लोटू म्हणाला, “मंग ती ओळ खोटी का?”

“खोटी नही. ओळ शे, तठेच शे. पन एकली नही.”

“उद्या कुणीही उठेल आणि अवघड ओळीला दुसरी ओळ जोडेल.”

“जोडेल,” उखा म्हणाला. “म्हणून तर सगळ्या वाचायच्या. नाही पटलं तर तू मला सांगायचं, मी ऐकीन.”

लोटूला पूर्ण पटलं नाही. तो त्या दिवशी दाराशी जाऊन बसला. पण खोली त्याची होती, आणि त्यानं ती बंद केली नाही. याबद्दल उखा पुढं आयुष्यभर त्याला मानत आला.

शोभाबाईनं चौदाव्याचा राहिलेला शेवट वाचला आणि न थांबता पंधरावा घेतला. मेलेले उठतील, नाशवंत पेरलं जातं आणि अविनाशी उठतं, मरण गिळलं जातं. संपल्यावर धुरपदाबाई म्हणाली, “आखो एक सावा.” शोभाबाईनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. म्हातारी आपल्या धाग्याच्या गाठी एकेक सोडत बसली होती. काही सुटल्या, काही सुटल्या नाहीत. तिनं तो धागा तसाच कनवटीला लावला.

पुढची साडेतीन वर्षं शोभाबाई वाचत राहिली. उखाचा मोतीबिंदू त्र्याहत्तर साली पिकला. नेत्रयज्ञात, म्हणजे डोळ्यांच्या मोफत शिबिरात, शस्त्रक्रिया झाली आणि बाटलीच्या बुडासारख्या भिंगांचा चष्मा आला. चष्मा लावून घरी आल्यावर त्यानं पहिल्यांदा आपले हात पाहिले, मग बायकोचे पांढरे झालेले केस, आणि मग पुस्तक मागितलं.

पानं उलटता उलटता ते एका ठिकाणी आपसूक उघडलं. चौदावा अध्याय. वाचन आता तिसऱ्या फेरीत, शुभवर्तमानांतच चाललं होतं, लाल धागा कितीतरी मागं होता, पण पुस्तकाला सवय याच पानाची लागलेली. त्या पानावरची एक ओळ पुसट झाली होती. तिच्याभोवतीचा कागद बोटाच्या तेलानं काळवंडला होता. बायकांनी गप्प राहावं, तीच ओळ.

“हाई काय?” त्यानं विचारलं.

शोभाबाई भाजी निवडत होती. “मन्हं बोट शे ते. दर रविवारले पहिले ती ओळ वाचस, मंग उभी राहस.”

“ते तं तवयच मिटनं व्हतं.”

“तुमनं मिटनं,” ती म्हणाली. “वाचस तं मी. तुम्हीच म्हनतस, ओळ टाकानी नही. मी इचारस, देवबाप, आज वाचू का? मन हलकं व्हयनं का उठस.”

“आनि नही व्हयनं तं?”

“एक रविवार नही व्हयनं. तुम्हले सांगं, घसा बसना.”

उखाला तो रविवार आठवला. त्या आठवड्यात नळावर तिचं लोटूच्या बायकोशी कडाक्याचं भांडण झालं होतं. घसा बसला म्हणून त्यानं तिला आल्याचा काढा करून दिला होता, आणि तिनं तो निमूट प्यायला होता.

उखानं चष्मा नीट करून ती पुसट ओळ पुन्हा वाचली. त्यानं तीन अध्याय मागं जाऊन त्या ओळीचा अर्थ लावला होता आणि निश्चिंत झाला होता. बाईनं ती ओळ खाली ठेवलीच नव्हती. शास्त्राचा अधिकार मानणारा या घरात मी, अशी त्याची समजूत होती. त्याला आता आतून भरून आलं, आणि तो तिला म्हणाला, “तुनामुये माले शास्त्र समजनं, शोभा.” असं तो आधी कधी बोलला नव्हता. ती भाजी निवडत राहिली, पण मेथीची देठं तिनं पानांत टाकली.

रविवारी लोटूच्या खोलीत सगळ्यांनी चष्मा बघून घेतला. धुरपदाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. लोटूनं स्वतः उठून पुढची जागा मोकळी केली. “उखाभाऊ, देवानं डोळे परत दिले. बसा, वाचा आता.”

उखानं पुस्तक घेतलं. लाल धाग्याचं पान काढलं, नीट दिसतंय याची खात्री केली, आणि पुस्तक शोभाबाईच्या हातात दिलं.

“देवनी डोया दिनात खरं,” तो म्हणाला. “पन हिले वाचतांना मी कधी देखेलच नही.”

तो तिच्या समोर खाली बसला. तिनं पदर घेतला. आधी पुढची पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलले. खोलीतल्या कुणाला ती काय करते आहे ते माहीत नव्हतं. उखा थांबला. मग तिनं पुन्हा लाल धाग्याचं पान काढलं आणि वाचायला उभी राहिली. वचन ऐकताना उखाला डोळे मिटून घ्यायची जुनी सवय होती. त्या दिवशी त्यानं ते मिटले नाहीत.